नॅट विमानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: 1965, 1971 आणि त्याच्या मागचं-पुढचं बरंच काही

नॅट म्हणजे नेमकं कोणतं विमान?

फॉलंड नॅट. ब्रिटनमधल्या हॅम्बल इथल्या फॉलंड कंपनीने बनवलेलं एक सीटचं, एक इंजिनाचं जेट लढाऊ विमान, जे आपण विकत घेतलं आणि मग बंगळूरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) मध्ये स्वतः बनवायला लागलो. 1965 आणि 1971 या दोन्ही युद्धांत ते लढलं, आणि हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र ज्या पायलटला मिळालं तो शेवटच्या क्षणी याच विमानात होता. माझ्या मते तेवढं एक कारणसुद्धा या विमानाचा इतिहास नीट वाचायला पुरेसं आहे.

खरंच एवढं लहान होतं का? फोटोत कळत नाही.

हो, फोटोत अजिबात कळत नाही, शेजारी माणूस उभा असला तरच लक्षात येतं. लांबी साधारण 9 मीटर, म्हणजे आपल्या एसटीच्या लाल डब्यापेक्षा कमी, आणि पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत पावणेसात मीटरच्या आसपास. भरलेलं वजन चार टनांच्या जवळपास. त्या काळात पाकिस्तानकडे असलेलं सेबर हे अमेरिकन जेट फायटर पाहिलं तर त्याचे पंख अकरा मीटरच्या वर होते आणि वजनही कितीतरी जास्त. कॉकपिट इतकं आखूड की धिप्पाड पायलटला आत बसणं त्रासाचंच व्हायचं.

पण एवढं लहान बनवायची गरज काय होती?

त्यामागे टेडी पेटर नावाच्या डिझायनरचा हट्ट होता. हे साधेसुधे गृहस्थ नव्हते, कॅनबेरा बॉम्बर यांचंच (तेही आपल्या हवाई दलाने वर्षानुवर्षं वापरलं) आणि ब्रिटनच्या लाइटनिंग या सुपरसॉनिक विमानाची सुरुवातही यांनीच केली. पन्नाशीच्या दशकात पेटर यांना एक गोष्ट खटकत होती, प्रत्येक नवं फायटर आधीच्यापेक्षा जड, गुंतागुंतीचं आणि महाग होत चाललंय आणि असंच चाललं तर एखाद्या देशाला पुरेशी विमानं घेणंच परवडणार नाही. मग ते फॉलंडमध्ये आले आणि म्हणाले की लागतं तेवढंच ठेवायचं, बाकी सगळं काढून टाकायचं.

आधी मिज नावाचं लहान इंजिनाचं प्रोटोटाइप बनलं, ते ऑगस्ट 1954 मध्ये उडालं. मग ब्रिस्टल ऑर्फियस इंजिन लावून खरं नॅट जुलै 1955 मध्ये उडालं. काटकसर कुठपर्यंत गेली होती बघा: बहुतेक विमानांना वेग कमी करायला वेगळे एअरब्रेक असतात, इथे लँडिंगची चाकंच अर्धवट खाली काढून त्यांच्या झडपांचा एअरब्रेक म्हणून वापर करायचे. एकाच भागाकडून दोन कामं, वजन वाचलं. मला या विमानातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, कारण यात डिझायनर कसा विचार करत होता ते एका नजरेत दिसतं.

मग ब्रिटनने स्वतः का नाही घेतलं?

फायटर म्हणून नाही घेतलं. 1958 मध्ये एडनच्या उन्हात त्यांनी चाचण्या घेतल्या, त्यांना जमिनीवर हल्ला करण्यासाठी विमान हवं होतं, त्या कामात हंटर हे त्यांचंच दुसरं फायटर जास्त ओझं घेऊन जास्त लांब जात होतं, म्हणून हंटर निवडलं. त्यांच्या गरजेपुरतं पाहिलं तर निर्णय बरोबरच होता. पण नॅटची दोन सीटची ट्रेनर आवृत्ती मात्र त्यांनी घेतली आणि त्यांचा प्रसिद्ध रेड ॲरोज संघ 1965 पासून 1979 पर्यंत याच ट्रेनरवर कसरती करायचा. फिनलंडने मोजकी फायटर घेतली, युगोस्लाव्हियाने नुसती चाचणीपुरती दोन. लढाईत मात्र हे विमान वापरलं ते फक्त भारताने.

भारतात कधी आलं आणि किती होती?

करार 1956 चा. पहिली विमानं 1958 मध्ये आली, कानपूरला त्यांच्या चाचण्या झाल्या. पहिलं पूर्ण स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी) म्हणजे 23 नंबर, त्यांनी जुनी व्हॅम्पायर जेट विमानं सोडून 1960 मध्ये अंबाल्याला नॅट घेतलं. सुरुवातीची काही तयार आली, काहींचे सुटे भाग आले ते इथे जोडले, आणि मग बंगळूरला 175 बनली, म्हणजे सगळी मिळून दोनशेच्या वर. शेवटचं 1974 च्या जानेवारीत एचएएलमधून बाहेर पडलं.

इथे थोडं थांबून सांगतो कारण हा भाग लोक पटकन ओलांडून जातात. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झालेल्या देशात जेट फायटर कारखान्यात बनवायला शिकणं, त्याचं इंजिनही बंगळूरलाच बनवणं, हे सोपं काम नव्हतं. युद्धात विमान पडलं तर दुसरं बाहेरून मागवायला आयात परवाना आणि परकीय चलन लागतं, ते घरीच बनत असेल तर ती धास्ती बरीच कमी होते. पायलटांची नावं आपल्याला पाठ असतात, पण लेथवर उभं राहून हे विमान बनवणाऱ्यांची नावं कुठेच येत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नॅट चालवायला अवघड होतं असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे. आपल्या हवाई दलाने नॅटची दोन सीटची ट्रेनर घेतलीच नव्हती, म्हणजे नवा पायलट दोन सीटच्या हंटरवर वगैरे हात बसवून यायचा, नॅटचं पुस्तक पाठ करायचा, कॉकपिटमध्ये डोळे मिटून सगळी बटणं शोधायची प्रॅक्टिस करायचा, आणि मग नॅटमधली त्याची पहिलीच फ्लाइट एकट्याची, मागे कोणी इन्स्ट्रक्टर नाही. त्यात कंट्रोल्स इतके हलके की स्टिक जरा जास्त हलवली तर विमान उसळी मारायचं. शेपटीच्या कंट्रोल यंत्रणेत बिघाड व्हायचे, हायड्रॉलिक्सचा त्रास होता, अपघातही बरेच झाले आणि त्यात चांगले पायलट गेले. ज्यांना ते जमलं ते मात्र त्याच्यावर जीव टाकायचे.

शस्त्रं कोणती होती? मिसाइल होतं का?

मिसाइल नाही. 30 मिलिमीटरच्या दोन एडन तोफा, इंजिनाला हवा आत घेणारी जी दोन तोंडं असतात त्यांच्या बाजूला एकेक, आणि प्रत्येक तोफेला 115 गोळे. ही तोफ मिनिटाला बाराशेच्या वर गोळे टाकते, म्हणजे हिशोब करा, ट्रिगर दाबून धरला तर सहा सेकंदांच्या आत सगळं संपलं. संपूर्ण डॉगफाइटमध्ये, म्हणजे विमानांच्या जवळच्या झुंजीत, पायलटच्या हातात एवढंच. म्हणून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे छोटे बर्स्ट मारायचे. त्यातही या तोफा जाम व्हायच्या, आणि हा नॅटचा सगळ्यात मोठा दोष म्हणायला हरकत नाही, कारण सेबरच्या बरोब्बर मागे पोचल्यावर तोफ जाम झाली असं एकदा नाही, अनेकदा झालंय. सेबरकडे सहा हेवी मशीनगन होत्या आणि काही सेबरवर साइडवाइंडर मिसाइलही.

1965 मध्ये नॅट युद्धात कसं उतरलं?

1 सप्टेंबरला पाकिस्तानने जम्मूच्या बाजूला छांबमध्ये पॅटन रणगाडे घेऊन मोठा हल्ला केला, अखनूरचा पूल धोक्यात आला. तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. लष्कराने हवाई मदत मागितली, चव्हाणांनी हवाई दल वापरायला परवानगी दिली आणि अर्ध्या तासाच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. पण ती होती जुनी व्हॅम्पायर आणि मिस्टेअर, आणि त्या एका संध्याकाळी चार व्हॅम्पायर गेली. व्हॅम्पायर सेबरसमोर टिकणार नाही हे त्या एका दिवसात कळलं.

मग 23 स्क्वॉड्रनची नॅट्स पठाणकोटला आणली. जॉनी ग्रीन आणि बाकीच्या पायलटांनी 3 सप्टेंबरला एक डाव टाकला. मिस्टेअर विमानं थोडी उंचावर, पाकिस्तानी रडारला दिसतील अशी पाठवली, म्हणजे आमिष. नॅट्स मात्र झाडांच्या शेंड्यांना घासून जातील इतकी खालून, रडारला न दिसता. सेबर आमिषाकडे धावली, मिस्टेअर मागे वळली आणि नॅट्स खालून वर उसळली. त्यात स्क्वॉड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरच्या मागे जाऊन त्याच्यावर गोळे मारले, त्याचा उजवा पंख तुटताना त्यांनी पाहिला असं सांगितलं गेलं. त्यांना वीर चक्र मिळालं.

पण ते सेबर परत गेलं होतं असं पाकिस्तानवाले म्हणतात?

हो, आणि हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. पाकिस्तानी नोंदीप्रमाणे ते सेबर फ्लाइट लेफ्टनंट युसुफ अली खान यांचं होतं, त्याचं बरंच नुकसान झालं पण ते सरगोध्याच्या पाकिस्तानी तळावर उतरलं. हे आता आपल्याकडचे अभ्यासकही मान्य करतात.

यावर काही लोक चिडतात, की आपणच आपल्या हिरोला खाली का ओढायचं. माझं म्हणणं उलटं आहे. हवेत दोन-तीन सेकंदांत शत्रूच्या विमानावर गोळे लागताना दिसले, धूर दिसला, मग त्या पायलटने "पाडलं" म्हणणं साहजिक आहे, जगातल्या प्रत्येक हवाई दलात असं झालंय, पाकिस्तानच्या दाव्यांचंही तसंच आहे. कीलर यांनी ज्या दिवशी हे केलं त्या दिवसापर्यंत सेबरला कोणी हात लावू शकत नाही अशी समजूत होती. ती त्यांनी मोडली, आणि त्यासाठी ते सेबर जमिनीवर आपटलंच पाहिजे अशी काही गरज नाही. इतिहास खरा सांगितला तरी हे शौर्य तसूभर कमी होत नाही.

त्याच दिवशी एक नॅट पाकिस्तानात उतरलं होतं ना? ते काय प्रकरण?

स्क्वॉड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद. ते आपल्या साथीदारांपासून वेगळे पडले आणि पसरूर इथल्या पाकिस्तानी धावपट्टीवर उतरले, युद्धकैदी झाले. पाकिस्तानचं म्हणणं की त्यांच्या एफ-104 स्टारफायटरने त्यांना उतरायला भाग पाडलं, आपल्याकडचं म्हणणं की विमानात बिघाड झाला होता, इंधन संपत आलं होतं आणि आपलीच धावपट्टी समजून ते उतरले. दोन्ही बाजू आजही आपापल्या जागी ठाम आहेत. ते नॅट आज कराचीच्या हवाई दल म्युझियममध्ये उभं आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचं मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. सिकंद परत आले, हवाई दलात राहिले, आणि 1971 मध्ये पूर्वेला ज्या 22 स्क्वॉड्रनने बोयरावर सेबर पाडली त्याचे कमांडिंग ऑफिसर तेच होते. कैदेतून आलेल्या माणसावर पुन्हा स्क्वॉड्रनची जबाबदारी टाकणारं हवाई दल आणि ती पेलणारा माणूस, दोघांबद्दलही मला आदर वाटतो.

1965 मध्ये नॅटने एकूण किती सेबर पाडली?

आपल्या बाजूने सात धरली जातात, पाकिस्तान तेवढी मानत नाही. 4 सप्टेंबरला व्ही. एस. पठानिया यांनी एक पाडलं, ते पडलं याबद्दल वाद नाही, पण पाकिस्तान म्हणतं की जमिनीवरच्या तोफांनी पडलं. 19 सप्टेंबरला चविंडाच्या बाजूला विनय कपिला आणि डेन्झिल कीलर यांनी एकेक सेबरवर मारा केला. डेन्झिल म्हणजे ट्रेव्हर यांचे भाऊ, लखनौचे हे दोघे भाऊ, एकाच युद्धात, एकाच प्रकारच्या विमानातून, दोघांनाही वीर चक्र. त्याच लढाईत आपले मायादेव यांचं नॅट पडलं आणि ते कैदी झाले. शेवटी शेवटी ए. के. मजुमदार आणि ए. जे. एस. संधू यांनीही एकेक सेबर पाडल्याची नोंद आहे.

आपलीही नॅट्स पडली हे विसरू नका. फक्त जिंकलेल्या लढायांची यादी करून ठेवली तर तो इतिहास होत नाही.

सेबर तर जगप्रसिद्ध विमान, मग नॅट त्याला भारी कसं पडलं?

सरळ भारी नाही पडलं. सेबर हळू वेगात, घट्ट वळणात उत्तम होतं, त्याच्या पंखांच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या होत्या, त्यामुळे नॅट त्याच्याबरोबर सपाट गोल फिरत बसलं तर नॅटचंच नुकसान. नॅटची ताकद वेग पकडण्यात आणि वर चढण्यात होती. म्हणजे खालून वेगात ये, मार, वर उसळी घे, पुन्हा ये. आणि दुसरी ताकद म्हणजे आकार. समोरून येणारं नॅट आकाशात दिसायचंच नाही, दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा, आणि डॉगफाइटमध्ये आधी कोणी कोणाला पाहिलं यावर अर्धी लढाई ठरते. "सेबर स्लेयर" हे नाव पडलं ते यातून. नाव थोडं मोठं आहे असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही, पण ज्या विमानाला ब्रिटनने नाकारलं त्याने जगातल्या नावाजलेल्या फायटरला बरोबरीची टक्कर दिली, हे निर्विवाद आहे.

बोयराची लढाई काय होती?

22 नोव्हेंबर 1971. लक्षात घ्या, अधिकृत युद्ध सुरू झालं 3 डिसेंबरला, म्हणजे ही त्याच्या आधीची. पूर्व पाकिस्तानच्या (आजच्या बांगलादेशच्या) सीमेवर गरीबपूरला 14 पंजाब आणि 45 कॅव्हलरीच्या पीटी-76 रणगाड्यांची पाकिस्तानी फौजेशी जोरदार लढाई झाली होती, आणि ढाक्याहून सेबर येऊन आपल्या सैन्यावर मारा करत होती. सकाळपासून सेबर आली, कोलकात्याच्या डमडमहून नॅट्स उडाली, पण पोचेपर्यंत सेबर गायब, असं झालं. डमडमपासून बोयरापर्यंत जायला जी काही मिनिटं लागतात तेवढ्यात ती परत जायची.

दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा रडारवर दिसली. चार नॅट्स उडाली: रॉय मॅसी, सोअरेस, गणपती आणि डोनाल्ड लाझारस. खाली जमिनीवरून कंट्रोलर के. बी. बागची त्यांना दिशा देत होते. या माणसाचं काम कोणाच्या लक्षात राहत नाही, पण रडारच्या ठिपक्यांवरून चार विमानं अशा कोनात नेऊन ठेवायची की समोरच्याला कळायच्या आत आपण त्याच्या मागे असू, हे त्यांनी केलं. तिथून पुढचं सगळं दोन-तीन मिनिटांचं. गणपती यांनी रेडिओवर "मर्डर, मर्डर, मर्डर" म्हणून ओरडून सांगितलं, म्हणजे लक्ष्य पाडल्याचा कोड. गणपती आणि लाझारस यांनी दोन सेबर पाडली, मॅसी यांनी तिसऱ्यावर मारा केला, त्यांची एक तोफ जाम झाली होती तरी मारा केला, ते सेबर जखमी होऊन ढाक्याला परत गेलं. आपली चारही नॅट्स सुखरूप परतली.

पूर्वेला युद्ध अजून जाहीरही झालं नव्हतं आणि हे होऊन बसलं, त्यामुळे सगळ्या देशात या चौघांची नावं झाली. मॅसी, गणपती आणि लाझारस यांना वीर चक्र मिळालं.

पकडलेल्या पाकिस्तानी पायलटांचं काय झालं?

दोघं पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले, परवेझ मेहदी कुरेशी आणि खलील अहमद. जवानांचा राग समजण्यासारखा होता, सकाळपासून त्यांच्यावरच गोळ्या पडत होत्या, त्यामुळे कुरेशींना मार बसायला लागला. तिथे 4 शीख बटालियनचे कॅप्टन एच. एस. पनाग मध्ये पडले, त्यांना बाजूला घेतलं आणि प्रथमोपचार दिले. हेच कुरेशी पुढे 1997 मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तेव्हा लाझारस यांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि कुरेशींनी त्याला उत्तरही दिलं. ज्याने पाडलं आणि जो पडला त्या दोघांमधला हा पत्रव्यवहार. मला हा प्रसंग बोयराच्या लढाईइतकाच मोठा वाटतो.

निर्मलजित सिंग सेखों यांच्याबद्दल सविस्तर सांगा.

सेखों लुधियानाजवळच्या इस्सेवालचे, 18 स्क्वॉड्रनमध्ये फ्लाइंग ऑफिसर. 1948 च्या युद्धविरामाच्या अटींमुळे श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवायची नव्हती, त्यामुळे युद्ध सुरू झाल्यावर ही नॅट्स तिथे आणली. सगळ्यांना ही जागा नवी. दरीभोवती उंच डोंगर, बोचरी थंडी, हवा विरळ, सकाळी धुकट, आणि रडारचा नीट इशारा मिळेल अशी सोय नाही. शत्रूचं विमान डोंगरावरून डोकावलं की ते डोळ्यांनी पाहणाऱ्या चौक्यांकडून जेवढा मिळेल तेवढाच वेळ.

14 डिसेंबर 1971 च्या सकाळी पेशावरहून सहा सेबर आली. घुमन आणि सेखों यांची जोडी तयार होती. घुमन आधी निघाले, त्यांच्या विमानाने उडवलेल्या धुळीमुळे सेखोंना काही सेकंद थांबावं लागलं, आणि तेवढ्यात धावपट्टीवर बॉम्ब पडायला लागले. थांबला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. त्यांनी त्याच धावपट्टीवरून टेकऑफ केला. वर गेल्यावर घुमन आणि ते एकमेकांना दिसेनासे झाले, म्हणजे इथून पुढे सेखों एकटे आणि समोर सेबरचा ताफा. ते वळून पळाले नाहीत, उलट सेबरच्या मागे लागले, खालच्या उंचीवर गोल गोल फिरत लढले, रेडिओवर त्यांचा आवाज शेवटपर्यंत शांत होता असं ऐकणाऱ्यांनी सांगितलंय. शेवटी त्यांच्या नॅटला गोळ्या लागल्या, विमान दरीत कोसळलं. अवशेष सापडले, त्यांचं शव कधीच सापडलं नाही. परमवीर चक्र मरणोत्तर.

त्यांनी किती सेबर पाडली?

परमवीर चक्राच्या मानपत्रात एकावर मारा केल्याचा आणि दुसऱ्याला आग लागल्याचा, ते धूर सोडत राजौरीच्या दिशेने गेल्याचा उल्लेख आहे. पाकिस्तानचं म्हणणं की त्यांची सगळी विमानं परत गेली. या आकड्यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात आणि मला ते पटत नाही, कारण परमवीर चक्र आकड्याबद्दल दिलेलंच नाही. बॉम्ब पडत असलेल्या धावपट्टीवरून एकट्याने उडून तळ वाचवायला जाण्याबद्दल आहे. ज्याने त्यांना पाडलं त्या पाकिस्तानी पायलटने, सलीम बेग मिर्झा यांनी, पुढे स्वतः लिहून सेखोंच्या लढण्याचं कौतुक केलंय. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणतं हवं?

नॅटने आपल्याच लोकांवर हल्ला केला होता, हे खरं आहे का?

खरं आहे आणि हे लपवायचं कारण नाही. 10 डिसेंबर 1971, खुलनाजवळ. मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांच्या, पद्मा आणि पलाश या गनबोटी आणि आपल्या नौदलाची आयएनएस पणवेल असा ताफा नदीतून वर चालला होता, त्याचं नेतृत्व करत होते कमांडर मोहन नारायण राव सामंत, आपलाच मराठी माणूस. आपल्या नॅट्सनी या बोटी शत्रूच्या समजून त्यांच्यावर हल्ला केला, पद्मा आणि पलाश जळाल्या. पलाशवरचे रुहुल अमीन बोट वाचवायच्या प्रयत्नात होते, त्या दिवशी त्यांचा अंत झाला, बांगलादेशने त्यांना बीर श्रेष्ठो हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंतांनी पणवेल वाचवली, पाण्यातल्या माणसांना उचललं आणि खुलन्यावरची कारवाई तशीच पुढे चालू ठेवली. त्यांना महावीर चक्र मिळालं.

युद्धात वरून वेगात जाणाऱ्या पायलटला नदीतली बोट कोणाची हे काही सेकंदांत ठरवायचं असतं, ही कारणमीमांसा आहे, सबब नाही. गेलेल्या माणसांची आठवण नॅटच्या इतिहासात असलीच पाहिजे. आणि सामंतांचं नाव महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नॅटनंतर आलेलं अजीत म्हणजे वेगळं विमान का?

वेगळं नाही, नॅटचीच सुधारलेली आवृत्ती, एचएएलने बनवलेली. युद्धांमध्ये जे जे दोष दिसले ते दूर करायचा प्रयत्न होता. पंखातच इंधन भरायची सोय केली म्हणून पंखाखालच्या जागा बॉम्ब-रॉकेटसाठी मोकळ्या झाल्या, कंट्रोल यंत्रणा सुधारली, इजेक्शन सीट चांगली बसवली. प्रोटोटाइप 1975 मध्ये उडालं. नवी 79 बनली आणि काही जुनी नॅट्स बदलून अजीत केली. 1991 मध्ये निवृत्त झालं. खरं सांगायचं तर तोपर्यंत मिग-21 चा जमाना कधीच सुरू झाला होता, अजीत पाच-सात वर्षं आधी यायला हवं होतं.

मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे, एका पानात काय लिहू?

पेटरचा विचार, बंगळूरचं उत्पादन, 3 सप्टेंबर 1965, बोयरा, सेखों. एवढं बास. जागा उरली तर चाकांच्या झडपांचा एअरब्रेक काढून दाखवा, मुलांना ते चित्र काढायला आवडतं. आणि "इतकी विमानं पाडली" असा आकडा लिहायचाच असेल तर "भारतीय नोंदीनुसार" हे दोन शब्द पुढे लावा, ही सवय लहानपणीच लागलेली बरी.

प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात नॅट आहे आणि तिथे सेखों यांचा पुतळाही आहे. बंगळूरला गेलात तर एचएएलच्या हेरिटेज सेंटरमध्ये त्यांनी बनवलेली विमानं बघा. पालमला गेलात तर घाई करू नका, आधी लांबून बघा, मग अगदी जवळ जा आणि हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या बाजूला तोफेची नळी कुठून बाहेर येते ते शोधा, मग खाली वाकून चाकांच्या झडपा बघा. सोबत लहान मूल असेल तर त्याला पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत पावलं मोजायला सांगा, फार वेळ लागणार नाही.